विश्लेषण : उंदीर-घुशींची तक्रार करूनही त्या परत का येतात?

पावसाळ्यात मुंबईत लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण वाढतात. तरीही उंदीर-घुशींकडे ‘घरातला त्रास’ म्हणूनच पाहिले जाते. पिंजरा लावला, पालिकेला कळवले, बिळात औषध पडले. पण काही आठवड्यांत घुशी पुन्हा हजर. असे का होते?

धोका किती?

लेप्टोस्पायरा हे जिवाणू बाधित उंदीर, कुत्री, गुरे यांच्या मूत्रातून साचलेल्या पाण्यात मिसळतात आणि पायाला साधे खरचटलेले असले तरी शरीरात शिरतात. उपचार लांबल्यास मूत्रपिंड, यकृत निकामी होऊ शकते. त्यामुळे अशा पाण्यातून चालावे लागल्यास ७२ तासांत डॉक्टरांच्या सल्ल्याने प्रतिबंधक औषध घ्यावे, असे पालिका सांगते.

मारूनही संख्या का घटत नाही?

पालिकेचे मूषक संहारक रात्री काठी आणि विजेरी घेऊन उंदीर मारतात. पिंजरे, विषारी आमिष आणि बिळांत धुरीकरण हे उपायही होतात. मात्र मादीचा गर्भकाळ जेमतेम तीन आठवड्यांचा असतो आणि पिल्ले दोन-तीन महिन्यांत प्रजननक्षम होतात. उकिरडा आणि फुटके गटार तसेच राहिले, तर मेलेल्यांची जागा नवे उंदीर घेतात.

तक्रार कशी करावी?

मुंबईत १९१६ क्रमांकावर किंवा विभाग कार्यालयात तक्रार नोंदवता येते. उंदीर आणि डास कीटकनाशक विभागाकडे, तर कचरा घनकचरा व्यवस्थापनाकडे असतो. म्हणून ‘उंदीर झालेत’ एवढेच न सांगता कचऱ्याची किंवा गटाराची वेगळी तक्रार करावी. नेमके ठिकाण, छायाचित्र द्यावे आणि तक्रार क्रमांक जपून ठेवावा. सोसायटीच्या आवारातील स्वच्छता मात्र सोसायटीनेच राखायची असते.

दाद न मिळाल्यास?

तक्रारीवर काय कारवाई झाली, हे माहिती अधिकारात विचारता येते. त्याचे उत्तर ३० दिवसांत अपेक्षित असते. ‘आपले सरकार’ पोर्टलचाही पर्याय आहे. सार्वजनिक उपद्रव दूर करण्याचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १५२ नुसार कार्यकारी दंडाधिकारी देऊ शकतात. मध्य प्रदेशातील रतलामच्या रहिवाशांनी उघड्या गटारांविरुद्ध याच तरतुदीचा, म्हणजे जुन्या संहितेतील कलम १३३ चा, आधार घेतला होता. पैसे नाहीत ही सबब सांगून नगरपालिकेला स्वच्छतेची जबाबदारी टाळता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये त्या प्रकरणात स्पष्ट केले.

घरात काय करावे?

अर्ध्या इंचाच्या फटीतूनही उंदराचे पिल्लू आत येऊ शकते. फटी सिमेंटने आणि नळांभोवतीच्या जागा जाळीने बुजवाव्यात, ओला कचरा रात्री झाकून ठेवावा. अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या घरात कधीही वापरू नयेत. त्यांतून निघणारा फॉस्फिन वायू बंद खोलीत झोपलेल्या माणसांचाही जीव घेतो.