मुलाचे बोट धरून ओल्ड ट्रॅफर्डला

सुट्टीत मुलांना घेऊन बाहेर पडायचे म्हटले की किल्ला, देऊळ, बाग, फार तर प्राणिसंग्रहालय, अशीच यादी आपल्या डोळ्यांसमोर येते. रिकामे स्टेडियम पाहायला सहसा कोणी जात नाही. सामना नाही, खेळाडू नाहीत, मग पाहायचे काय? इंग्लंडमधील मँचेस्टर शहरात या प्रश्नाचे उत्तर मिळते. नोकरी-शिक्षणासाठी तिकडे गेलेल्या मुलांकडे किंवा भावंडांकडे जाणाऱ्या कुटुंबांनी अर्धा दिवस तरी ओल्ड ट्रॅफर्डसाठी राखून ठेवावा. सोबत पाच-सहा वर्षांचे मूल असेल तर अवश्यच!

ओल्ड ट्रॅफर्ड म्हटले की मराठी माणसाला आधी क्रिकेट आठवते. १४ ऑगस्ट १९९० रोजी सतरा वर्षांच्या सचिन तेंडुलकरने नाबाद ११९ धावा काढून आपले पहिले कसोटी शतक इथल्या क्रिकेट मैदानावर झळकावले. त्याच मैदानातील एका स्टँडला २०२५ मध्ये क्लाइव्ह लॉइड यांच्या जोडीने मुंबईकर फारुख इंजिनियर यांचे नाव देण्यात आले. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल क्लबचे ओल्ड ट्रॅफर्ड तेथून पायी जाण्याइतके जवळ आहे. त्यामुळे एकाच फेरीत बाबांची आणि बाळाची, दोघांचीही हौस भागू शकते.

रेल्वे कामगारांचा संघ

जगभर नावाजलेल्या या क्लबचा जन्म मोठा साधा आहे. १८७८ साली न्यूटन हीथ येथील रेल्वेच्या डबे बांधणाऱ्या कारखान्यातील कामगारांनी तो सुरू केला. पुढे क्लब कर्जात बुडाला, दिवाळे निघायची वेळ आली. १९०२ मध्ये एका मद्य उत्पादकाने पैसा घातला आणि क्लबला मँचेस्टर युनायटेड हे नाव मिळाले. ओल्ड ट्रॅफर्डवरचा पहिला सामना १९ फेब्रुवारी १९१० रोजी झाला आणि त्यात यजमान लिव्हरपूलकडून ३-४ असे हरले!

दुसऱ्या महायुद्धात, मार्च १९४१ मध्ये, जर्मन बॉम्बहल्ल्यात स्टेडियमची मोठी हानी झाली. १९४९ पर्यंत युनायटेडला आपले घरचे सामने मँचेस्टर सिटी या प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर खेळावे लागले. घर पडले म्हणून शेजाऱ्याच्या अंगणात खेळणे मुलांना लगेच समजते. १९१० च्या मूळ बांधकामापैकी खेळाडूंचा जुना बोगदा तेवढा अजून टिकून आहे.

क्लबचे संग्रहालय १९८६ मध्ये सुरू झाले. १९९८ मध्ये ते उत्तरेकडील स्टँडमध्ये हलवण्यात आले, तेव्हा उद्घाटनाला ब्राझीलचे पेले आले होते. मुलांचे डोळे आधी चकचकीत कपांवर जातात. १९६८, १९९९ आणि २००८ अशा तीन वर्षी क्लबने युरोपातील सर्वोच्च स्पर्धा जिंकली. मात्र प्रत्येक पाटी मुलाला वाचून दाखवण्याचा अट्टहास नको. जुना चामड्याचा चेंडू पावसात भिजला की किती जड होत असे, हे एवढे सांगितले तरी त्याची कल्पना धावू लागते.

स्टेडियमच्या फेरीत ड्रेसिंग रूममध्ये टांगलेले खेळाडूंचे शर्ट दिसतात, मैदानाच्या कडेला जाता येते. सुमारे चौऱ्याहत्तर हजार रिकाम्या खुर्च्यांसमोर उभे राहिल्यावर बडबडे मूलही क्षणभर गप्प होते. हिरवळीवर पाय ठेवायची मात्र परवानगी नसते. हे आधीच समजावून सांगावे, म्हणजे ऐनवेळी रडारड होत नाही.

घड्याळावर तारीख कशाला?

स्टेडियमच्या बाहेरच्या भिंतीवर एक घड्याळ आहे. त्यावर ६ फेब्रुवारी १९५८ ही तारीख आणि म्युनिक हे नाव आहे. घड्याळात वेळ असते, मग तारीख कशाला, हा मुलाचा पहिला प्रश्न असतो. पालक गडबडतात ते इथेच.

त्या दिवशी युनायटेडचा तरुण संघ बेलग्रेडहून सामना खेळून परतत होता. मॅट बस्बी या प्रशिक्षकाने घडवलेल्या या पोरांनी १९५६ आणि १९५७ अशी लागोपाठ दोन वर्षे इंग्लंडची लीग जिंकली होती. विमान इंधनासाठी म्युनिकला उतरले. उड्डाणाचे दोन प्रयत्न सोडून द्यावे लागले. तिसऱ्या वेळी धावपट्टीवरच्या अर्धवट वितळलेल्या बर्फामुळे विमानाला पुरेसा वेग मिळाला नाही आणि ते कोसळले. ४४ पैकी २३ जण दगावले. त्यांत आठ खेळाडू होते. २१ वर्षांचा डंकन एडवर्ड्स पंधरा दिवस इस्पितळात झुंजला आणि गेला.

हे सगळे लहान मुलाला सांगायचे का? पुष्कळ पालक 'ते जुने घड्याळ आहे' म्हणून पुढे सरकतात. पण मुलाला काहीतरी लपवले जाते आहे हे कळतेच. त्याला भीती वाटेल अशी वर्णने टाळावीत, खोटे मात्र सांगू नये. विमानाला अपघात झाला, काही खेळाडू वारले आणि त्यांची आठवण राहावी म्हणून हे घड्याळ लावले, एवढी तीन वाक्ये पुरेत. त्याने आणखी विचारले तर आणखी सांगावे.

आणि सांगण्यासारखे बरेच आहे. गोलरक्षक हॅरी ग्रेग स्वतः सुखरूप बाहेर पडला होता. तरी तो जळत्या विमानात परत शिरला आणि त्याने एका लहानग्या मुलीला बाहेर काढले, तिच्या गर्भवती आईलाही वाचवले. अपघातानंतर तेराव्या दिवशी क्लबने शेफील्ड वेन्सडेविरुद्ध सामना खेळला. कोण खेळणार हेच ठरले नव्हते, म्हणून छापील कार्यक्रमपत्रिकेत युनायटेडच्या खेळाडूंच्या नावांच्या जागा कोऱ्या ठेवल्या होत्या. राखीव आणि नव्याने घेतलेल्या खेळाडूंच्या जोरावर युनायटेडने तो सामना ३-० असा जिंकला.

बस्बी मृत्यूच्या दारातून परत आले. दहा वर्षांनी, २९ मे १९६८ रोजी, त्यांच्या संघाने बेन्फिकाला ४-१ असे हरवून युरोपियन कप जिंकला. त्यांतले दोन गोल म्युनिकमधून वाचलेल्या बॉबी चार्ल्टनने केले. अपघाताला पन्नास वर्षे झाली तेव्हा, २००८ मध्ये, स्टेडियमखाली म्युनिक बोगदा नावाचे कायमचे स्मारक उभारण्यात आले. चार्ल्टन ऑक्टोबर २०२३ मध्ये निवर्तले.

जाण्यापूर्वी

सामन्याच्या दिवशी स्टेडियमची फेरी नसते, म्हणून तारीख पाहून तिकिटे आधीच काढावीत. लहान मूल तास-दीड तासात कंटाळते. आधी त्याला मैदान दाखवावे, कप नंतर पाहावेत. खाऊ, पाणी आणि गरम कपडे जवळ असू द्यावेत. मँचेस्टरच्या पावसाचा नेम नसतो!

जायचे असेल तर फार लांबणीवरही टाकू नये. जुन्या स्टेडियमच्या शेजारी एक लाख प्रेक्षकांचे नवे स्टेडियम बांधण्याचा इरादा क्लबने मार्च २०२५ मध्ये जाहीर केला आहे.

परतल्यावर क्लबने किती कप जिंकले हे मुलाच्या लक्षात राहणार नाही आणि राहायलाच हवे असेही नाही. पण आठ खेळाडू गमावल्यावरही तेराव्या दिवशी एक संघ मैदानात उतरला, ही गोष्ट ते रात्री अंथरुणात पडल्यावर पुन्हा सांगायला लावील. तेव्हा आई-बाबांना ती नीट सांगता आली पाहिजे.