मुलांना मुंबई दाखवायला नेताय? आधी हे गैरसमज दूर करा

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुट्टी जवळ आली की नाशिक, सातारा, लातूर, चंद्रपूरपर्यंतच्या घरांत एक बेत हमखास शिजतो : यंदा पोरांना मुंबई दाखवून आणायची. दोन दिवस, एखादा मुक्काम, जमल्यास नातेवाइकांकडे उतरायचं. बेत उत्तमच आहे. महाराष्ट्रातल्या प्रत्येक मुलाने आपल्या राज्याची राजधानी एकदा तरी नीट पाहायला हवी. पण अशा सहलींतून पुष्कळदा मूल थकून आणि किरकिरं होऊन परततं. दोष मुंबईचा नसतो, मुलाचा तर नसतोच. ज्या ऐकीव समजुतींवर आपण बेत आखतो, त्याच मुळात चुकलेल्या असतात. आठ ते बारा वर्षांचं मूल डोळ्यांसमोर ठेवून त्या एकेक तपासून पाहू.

गैरसमज : दोन दिवसांत अख्खी मुंबई बघून होते

वस्तुस्थिती : मुंबई दक्षिणोत्तर लांबच लांब पसरलेली आहे. गेटवेपासून बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानापर्यंत रस्त्याने साधारण ३५ किलोमीटर अंतर आहे, आणि गर्दीच्या वेळी ते कापायला दीड-दोन तास सहज लागतात. सकाळी गेटवे, दुपारी नॅशनल पार्क, संध्याकाळी जुहू असा बेत केला तर मुलाला दिसते ती टॅक्सीची काच आणि पुढच्या गाडीची नंबर प्लेट.

त्यापेक्षा मुंबईचे पट्टे पाडा. फोर्टच्या पट्ट्यात सीएसएमटी, समोरची महापालिकेची इमारत, हुतात्मा चौक, काळा घोडा, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय आणि गेटवे हे सगळं दोनेक किलोमीटरांत आहे. भायखळ्याला राणीची बाग आणि डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय एकाच आवारात आहेत. वरळीला नेहरू विज्ञान केंद्र आणि नेहरू तारांगण जवळजवळ आहेत. मलबार हिल आणि गिरगावच्या पट्ट्यात हँगिंग गार्डन, म्हातारीचा बूट, मणिभवन आणि चौपाटी येतात. दोन दिवस असतील तर दोन पट्टे निवडा. सकाळी एक मोठं ठिकाण, दुपारी जेवण आणि विश्रांती, ऊन उतरल्यावर एखादं मोकळं ठिकाण, एवढंच एका दिवसाला पुरे. मे आणि ऑक्टोबरमध्ये मुंबईची दमट हवा मोठ्यांनाही गळपटवते. अशा दुपारी मुलाला रस्त्यावर चालवत ठेवलं की संध्याकाळ हातची गेलीच म्हणून समजा.

गैरसमज : प्रेक्षणीय ठिकाणं रोजच उघडी असतात

वस्तुस्थिती : बहुतेक ठिकाणांना आठवड्याची सुट्टी असते आणि ती सगळ्यांची एकाच दिवशी नसते. घारापुरीची लेणी, नेहरू तारांगण आणि संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतात. राणीची बाग आणि भाऊ दाजी लाड संग्रहालय बुधवारी बंद. शनिवार-रविवारची गर्दी टाळायची म्हणून मुद्दाम सोमवारी घारापुरीला निघालेल्या कुटुंबांना गेटवेवरूनच परतावं लागतं.

रविवारचीही एक गोष्ट लक्षात ठेवा. देखभालीसाठी रेल्वे बहुतेक रविवारी दिवसाचे काही तास मेगाब्लॉक घेते. तेव्हा काही मार्गांवर लोकल कमी धावतात, काही गाड्या मार्ग बदलून जातात. आदल्या दिवशी वर्तमानपत्रात किंवा रेल्वेच्या सूचनेत वेळा पाहून घ्या.

आपल्या लहानपणीच्या मुंबईच्या भरवशावरही राहू नका. चर्नी रोडचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं आणि कित्येक पिढ्यांनी ते पाहिलं, पण गेली काही वर्षं ते बंद आहे. जुन्या लाल डबलडेकर बसही २०२३ मध्ये निवृत्त झाल्या. त्याच वर्षी बेस्टच्या विजेवर चालणाऱ्या वातानुकूलित डबलडेकर मात्र रस्त्यावर आल्या. मुलांना डबलडेकरचा हट्ट असतोच, तो या बसच्या वरच्या मजल्यावर पुढची सीट पकडून पुरवता येतो. कुठलंही ठिकाण नक्की करण्याआधी ते सध्या उघडं आहे का, डागडुजीसाठी बंद आहे का, हे त्याच्या संकेतस्थळावर पाहावं किंवा फोन करून विचारावं.

गैरसमज : मुलांना संग्रहालयात कंटाळाच येतो

वस्तुस्थिती : मुलांना कंटाळा येतो तो दालनामागून दालन तुडवण्याचा आणि प्रत्येक पाटी वाचायला लावण्याचा. वस्तू पाहायचा कंटाळा मुलांना येत नाही. दीड तासाच्या आत आटोपायचं आणि तीन-चार गोष्टी नीट पाहायच्या, एवढं पथ्य पाळलं की फरक दिसतो.

फोर्टच्या वस्तुसंग्रहालयात अकबर बादशहाचं चिलखत आहे. 'हे घालून तू किती वेळ चालशील?' एवढा एकच प्रश्न विचारा, मूल काचेपाशी खिळून राहतं. याच आवारात २०१९ पासून मुलांसाठी वेगळं संग्रहालयही आहे. भायखळ्याचं भाऊ दाजी लाड संग्रहालय १८७२ सालचं, मुंबईतलं सर्वांत जुनं. तिथे जुन्या मुंबईतले लोक आणि त्यांचे व्यवसाय दाखवणाऱ्या छोट्या मातीच्या मूर्ती आहेत. मुलं त्यांच्यासमोर बराच वेळ रेंगाळतात. त्यांना रेंगाळू द्या, घड्याळ पाहू नका.

संग्रहालयाच्या बाहेर एक काळा दगडी हत्ती उभा आहे. त्याच्याजवळ न थांबता पुढे जाऊ नका. हा हत्ती मूळचा घारापुरी बेटावरचा. पोर्तुगीजांनी त्याच्यावरूनच बेटाला एलिफंटा म्हटलं. १८६४ मध्ये त्याला इंग्लंडला न्यायचा घाट घातला गेला, पण उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. ते तुकडे पुढे जोडले गेले आणि हत्ती मुंबईतच राहिला. मुलाला हत्तीभोवती एक फेरी मारू द्या आणि जोड कुठे दिसतात ते शोधायला सांगा. पुस्तकातला धडा आणि समोरचा दगड यांची सांगड अशी बसते.

आणि विज्ञानाची आवड असलेल्या मुलाला वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्रात न्यायलाच हवं. १९८५ साली सुरू झालेल्या या केंद्रात खटके दाबून, चाकं फिरवून स्वतः करून पाहायचे प्रयोग आहेत. 'हात लावू नको' हे वाक्य तिथे फारसं उच्चारावं लागत नाही.

गैरसमज : बारा वर्षांपर्यंत मुलांना सगळीकडे अर्धं तिकीट

वस्तुस्थिती : एसटीत आणि मुंबईच्या लोकलमध्ये ५ ते १२ वर्षांच्या मुलांना अर्धं तिकीट लागतं, हे खरं. पण लांब पल्ल्याच्या गाडीच्या आरक्षणाचा नियम वेगळा आहे. एप्रिल २०१६ पासून या वयाच्या मुलाला स्वतंत्र बर्थ किंवा आसन हवं असेल तर मोठ्यांइतकंच पूर्ण भाडं भरावं लागतं. अर्धं भाडं फक्त स्वतंत्र बर्थ न घेतल्यास. चार जणांच्या कुटुंबात दोन मुलं असतील तर खर्चाचा अंदाज इथेच चुकतो.

उलट, जिथे खरोखर सवलत आहे तिथे ती अनेकांना माहीत नसते. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या अखत्यारीतल्या स्मारकांत १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत असतो, आणि घारापुरीची लेणी त्यातच येतात. मणिभवनलाही प्रवेशशुल्क नाही. १९१७ ते १९३४ या काळात महात्मा गांधी मुंबईत याच घरात उतरत. त्यांच्या आयुष्यातले प्रसंग तिथे छोट्या बाहुल्यांच्या देखाव्यांतून मांडलेले आहेत, त्यामुळे चौथी-पाचवीतल्या मुलालाही ते आपलं आपण समजतात.

गैरसमज : मुलाला घेऊन लोकलचं नावच काढू नये

वस्तुस्थिती : भीती अनाठायी नाही, पण ती वेळेशी आणि दिशेशी बांधलेली आहे. सकाळी आठ ते अकरा दक्षिणेकडे जाणाऱ्या आणि संध्याकाळी पाच ते साडेआठ उत्तरेकडे जाणाऱ्या लोकलमध्ये मुलाला घेऊन चढू नये. दुपारच्या वेळी मात्र त्याच गाडीत बऱ्याचदा खिडकी मिळते. आईबरोबर १२ वर्षांखालच्या मुलालाही महिलांच्या डब्यातून जाता येतं. गाडी पूर्ण थांबल्याशिवाय जागेवरून उठायचं नाही आणि दारात उभं राहायचं नाही, हे दोन नियम घरूनच ठरवून निघा.

आता भुयारी मेट्रोचाही चांगला पर्याय आहे. आरे ते कफ परेड ही सुमारे ३३.५ किलोमीटरची मेट्रो ३ मार्गिका ऑक्टोबर २०२५ मध्ये पूर्ण खुली झाली. सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट, गिरगाव, सायन्स सेंटर, सिद्धिविनायक, दादर ही स्थानकं तिच्यावर आहेत. म्हणजे फोर्टमधून थेट वरळीच्या विज्ञान केंद्राजवळ उतरता येतं, वाहतूक कोंडीत न अडकता. जमिनीखालून धावणारी गाडी पहिल्यांदा पाहणाऱ्या मुलाला हा प्रवासही सहलीइतकाच आवडतो.

गैरसमज : घारापुरी दोन तासांत उरकते

वस्तुस्थिती : गेटवेपासून बोटीने जायलाच सुमारे तास लागतो, यायला तेवढाच. धक्क्यापासून पायथ्यापर्यंत बरंच चालावं लागतं (छोटी रेल्वे चालू असेल तर मुलांची चंगळ), मग शंभराच्या वर पायऱ्या. म्हणजे सकाळच्या पहिल्या बोटींपैकी एखादी गाठली तरी निम्म्याहून जास्त दिवस यातच जातो. ज्या दिवशी घारापुरी, त्या दिवशी दुसरं मोठं काही ठेवू नका. वाटेत माकडं आहेत, खाऊची पिशवी मुलाच्या हातात देऊ नका.

बोटीत लाइफ जॅकेट अंगावर चढवून, बंद लावून बसायचं. मूल म्हणालं 'गरम होतंय', तरी काढायचं नाही. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि बोटी बंदही ठेवल्या जातात, तेव्हा घारापुरीचा बेत हिवाळ्यासाठी राखून ठेवा. मुख्य लेण्यातल्या वीसेक फूट उंचीच्या त्रिमुखी सदाशिवासमोर मुलाला पाच मिनिटं शांत बसवा. तीन चेहऱ्यांवरचे भाव कसे वेगवेगळे आहेत, ते मुलं स्वतःच सांगू लागतात.

गैरसमज : इमारतींचा इतिहास मुलांना काय कळणार!

वस्तुस्थिती : सनावळी सांगितली तर कळणार नाही, गोष्ट सांगितली तर नक्की कळेल. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली प्रवासी गाडी गेली. १४ डबे, ओढायला तीन इंजिनं आणि ३४ किलोमीटरची वाट. आज तिथे उभं असलेलं सीएसएमटी नंतर, १८७८ ते १८८८ या काळात, फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार बांधलं गेलं. २००४ पासून ते जागतिक वारसा आहे. मुलाला फाटकाजवळ उभं करा. एका खांबावर सिंह आहे, दुसऱ्यावर वाघ : एक इंग्लंडचा, एक हिंदुस्थानचा. मग मान वर करून भिंतींवर कोरलेले मोर, माकडं, घुबडं शोधायला सांगा. घुमटावरच्या स्त्रीच्या एका हातात मशाल आहे, दुसऱ्या हातात चाक आहे. चाकच का, याचं उत्तर मुलं झटकन देतात.

गेटवेचंही तसंच. राजा पंचम जॉर्ज १९११ मध्ये या गेटवेतून मुंबईत आला, असं अनेक जण मुलांना सांगतात. खरं म्हणजे तेव्हा तिथे पुठ्ठ्याची प्रतिकृती उभी होती. दगडी गेटवे १९२४ मध्ये पूर्ण झाला, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी ब्रिटिश सैन्याची शेवटची तुकडी त्याच्याखालून निघून गेली. राजाच्या आगमनाची आठवण म्हणून बांधलेल्या दारातून ब्रिटिश फौज कायमची परत गेली, ही गोष्ट मूल पुढे वर्गात जाऊन सांगेल.

गैरसमज : बेत मोठ्यांनी आखायचा, मुलांनी मागून यायचं

वस्तुस्थिती : सहल मुलाची असेल तर बेतातही त्याचा वाटा हवा. चार पट्टे समोर ठेवा आणि त्यातला एक त्याला निवडू द्या. राणीच्या बागेतले पेंग्विन बघायचे असतील, तर ते हम्बोल्ट जातीचे आहेत आणि त्यांचं मूळ घर बर्फात नसून पेरू आणि चिलीच्या किनाऱ्यावर आहे, हे त्याला आधी शोधून काढायला सांगा. खाऊसाठी थोडे पैसे त्याच्या हाती द्या आणि हिशेब त्यालाच ठेवू द्या.

सुरक्षिततेतही त्याला सामील करून घ्या. आई-बाबांचा मोबाइल नंबर पाठ हवा आणि चिठ्ठीवर लिहून खिशातही हवा. चुकामूक झाली तर जागेवरून हलायचं नाही, गणवेशातल्या पोलिसाला किंवा स्थानकावरच्या कर्मचाऱ्याला सांगायचं. आपत्कालीन मदतीसाठी ११२ आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ हे दोन क्रमांक मुलाला माहीत असावेत.

किती ठिकाणं पाहिली यावरून मुलांची सहल मोजू नका. घरी आल्यावर ते आजीला काय काय सांगतं, त्यावरून मोजा. तेव्हा यंदा यादीतली दोन ठिकाणं कमी करा, उरलेल्यांच्या सुट्टीचे वार पाहून घ्या आणि पहिलं ठिकाण मुलाला ठरवू द्या. मुंबई कुठे पळून जात नाही. राहिलेलं पुढच्या सुट्टीत पाहता येईल.