एका बाटलीत पोतंभर युरिया मावतो का? नॅनो टेक्नॉलॉजी समजून घेऊ

दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या काकाजींनी मागच्या खरिपात व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला. अर्धा लिटरची बाटली, नाव ‘नॅनो युरिया’. अकोल्याच्या एका दुकानदाराने पोत्यासोबत ती घ्यायलाच लावली होती. खाली व्हॉइस मेसेज: “तू मोबाईलचं लय सांगतं, मले हे सांग. एका बाटलीत अख्खं पोतं कसं मावते रे?”

प्रश्न भारी होता. चला, बघू.

नॅनो म्हणजे किती?

एक मीटरचे 100 कोटी भाग केले की त्यातला एक म्हणजे नॅनोमीटर. आपला केस साधारण 80,000 नॅनोमीटर जाड असतो. नख दर सेकंदाला जवळपास एक नॅनोमीटर वाढतं. म्हणजे हा परिच्छेद वाचेपर्यंत तुमचं नख दहा-पंधरा नॅनोमीटर वाढलंसुद्धा!

लहान झाल्यावर काय बदलतं?

खडीसाखरेपेक्षा पिठीसाखर लवकर विरघळते, कारण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग वाढतो. एक सेंटीमीटरचा ठोकळा घ्या. त्याचा पृष्ठभाग 6 चौरस सेंटीमीटर. त्याचेच एकेक नॅनोमीटरचे तुकडे केले, तर एकूण पृष्ठभाग होतो 6,000 चौरस मीटर. म्हणजे जवळपास दीड एकर वावर! नॅनोची खरी ताकद इथे आहे.

फोनच्या स्क्रीनवर बोटांचे डाग कमी बसावेत म्हणून दिलेला थर काही नॅनोमीटरचाच असतो. एमआरएनए लसीचा नाजूक रेणू पेशीपर्यंत नेतात ते चरबीचे नॅनोकण. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीने अशी लस बनवली, तिला 2022 मध्ये मंजुरी मिळाली. मात्र चिपवर लिहिलेलं ‘4 नॅनोमीटर’ हे आता पिढीचं नाव झालंय, आतले भाग त्याहून मोठे असतात.

मग बाटलीचं काय?

इफ्कोने 31 मे 2021 रोजी नॅनो युरिया आणला. दावा असा की 500 मिलीची एक बाटली 45 किलोच्या पोत्याची जागा घेऊ शकते, कारण बारीक कण पानातून थेट आत जातात आणि वाया कमी जातं.

आता मोबाईलमधलं कॅल्क्युलेटर उघडा. युरियात 46 टक्के नायट्रोजन, म्हणजे पोत्यात सुमारे 20,700 ग्रॅम. सुरुवातीच्या बाटलीत 4 टक्के, म्हणजे 20 ग्रॅम. नंतरच्या ‘प्लस’मध्ये 20 टक्के धरले तरी 100 ग्रॅम. पोत्यातला बराच नायट्रोजन हवेत आणि पाण्यात जातो, हे खरं. पण तीनातले दोन भाग वाया गेले तरी जवळपास 7,000 ग्रॅम उरतात.

नॅनोमुळे नायट्रोजन पोचवायची वाट बदलते, नायट्रोजन वाढत नाही. पंजाब कृषी विद्यापीठाच्या दोन वर्षांच्या प्रयोगात भात आणि गव्हाचं उत्पादन घटलंच. अर्थात, ती पिकं वेगळी, आपली कपाशी वेगळी.

मी काकाजींना काय सांगितलं?

“बाटली घेतलीच आहे, तर चार ओळींवर फवारून पाहा. बाकीच्या कपाशीला नेहमीचं खत द्या. वेचणीला दोन्हीकडचा कापूस वेगळा मोजा. आणि पुढच्या वेळी जबरदस्ती केली तर पक्कं बिल मागा आणि तालुका कृषी कार्यालयात तक्रार करा.”

काकाजी म्हणाले, “म्हणजे नॅनो खोटं नाही, पण हिशेब आपणच करा लागते.”

तुमच्याही घरी अशी बाटली आली असेल, तर आधी लेबलवरचे टक्के वाचा.