हेर सापडण्याचे गणित

बर्मिंगहॅम विद्यापीठात मार्टा क्वियात्कोव्स्का, गेथिन नॉर्मन आणि डेव्हिड पार्कर यांनी विकसित केलेली ‘प्रिझम’ ही संगणकप्रणाली मुळात क्वांटम कूटलेखनासाठी घडवलेली नव्हती; ज्या यंत्रणेच्या वागण्यात यदृच्छेचा अंश असतो, तिचे गणिती प्रतिमान घेऊन त्यातील सर्व शक्य अवस्था धुंडाळायच्या आणि एखादी घटना घडण्याची संभाव्यता काढून द्यायची, हे तिचे काम. जवळच्याच वॉरिक विद्यापीठातील राजगोपाल नागराजन व निकोलाओस पापानिकोलाऊ आणि ग्लासगोचे सायमन गे यांनी २००५ च्या सुमारास तिच्याकडून ‘बीबी ८४’ ही क्वांटम कूटलेखनातील गुप्त किल्ली ठरवण्याची पद्धत तपासून घेतली.

चार्ल्स बेनेट आणि जिल ब्रासार यांनी ही पद्धत १९८४ साली मांडली, तीही आपल्या बंगळूरच्या एका परिषदेत. तीत प्रेषक प्रत्येक अंक एकेका प्रकाशकणाच्या ध्रुवणात, म्हणजे त्याच्या कंपनाच्या दिशेत, दोनपैकी कोणत्याही एका मांडणीने बसवतो, ग्राहकही मांडणी यदृच्छेनेच निवडून मोजतो आणि नंतर दोघे फक्त मांडण्या उघडपणे ताडून, जिथे त्या जुळल्या तेवढेच अंक किल्लीसाठी ठेवतात. वाटेत कण अडवून मोजणाऱ्या हेराची मांडणी सरासरीने निम्म्या वेळा चुकते आणि चुकीच्या मोजणीने कण बिघडतो, त्यामुळे ठेवलेल्या अंकांपैकी सुमारे चतुर्थांश चुकतात. दहा अंक ताडून पाहिले तर हेर निसटण्याची शक्यता ५.६ टक्के उरते. पन्नास ताडले तर दहा लाखांत एकाहूनही कमी.

एवढे गणित कागदावरही होते. पण हेराने डावपेच बदलले किंवा वाहिनीत गोंगाट आला की ते गुंतत जाते, आणि तिथेच प्रणालीचे खरे मोल आहे, कारण प्रतिमानातला तेवढाच भाग बदलून ती हिशेब नव्याने करते. अडचण आकाराची आहे: क्वांटम अवस्था पूर्णपणे लिहायला दहा कणांसाठी १,०२४ संख्या लागतात आणि प्रत्येक नव्या कणागणिक त्या दुप्पट होतात. म्हणून गे, नागराजन आणि पापानिकोलाऊ यांनी २००८ मध्ये ‘क्यूएमसी’ हा वेगळा तपासक मांडला, जो साध्या संगणकाला झेपणाऱ्या मर्यादित क्रियांपुरताच राहतो.

याहून मोठी मर्यादा मात्र प्रतिमानाबाहेर असते. २०१० मध्ये वादिम माकारोव्ह आणि सहकाऱ्यांनी बाजारातील उपकरणांचे प्रकाशसंवेदक प्रखर प्रकाशाने आंधळे करून संपूर्ण गुप्त किल्ली सुगावा न लागता मिळवता येते, हे दाखवले; पद्धतीचे गणित निर्दोषच होते, परंतु त्यात गृहीत धरलेला आदर्श संवेदक प्रत्यक्षात नव्हता. एखादी यंत्रणा ‘सुरक्षित सिद्ध झाली’ असे वाचनात आले, तर तिच्या प्रतिमानात कोणती गृहीतके होती, हे वाचकांनी आधी विचारावे.