भयकथेची आणि विज्ञानकथेची पारख



गोदाकाठी, उघड्या आकाशाखाली, दिवेलागण झाल्यावर भुतांविषयी बोलायला मिळावे, हा योग माझ्यासारख्या भयकथा लिहिणाऱ्या माणसाला सुखावणारा आहे. त्यातून ही पंचवटी. शूर्पणखा रूप पालटून आली ती येथे, मारीच सुवर्णमृग होऊन बागडला तोही येथे, असे परंपरा सांगते. अशा ठिकाणी अद्भुताची नव्याने ओळख करून द्यावी लागू नये. तरीही बोलताना थोडा संकोच वाटतो, कारण आमच्या कथा ज्या आवडीने वाचल्या जातात, त्या आवडीने कबूल केल्या जात नाहीत. वाचनालयात ज्या पुस्तकांची पाने सुटलेली आणि कोपरे दुमडलेले दिसतात, त्यांत भयकथांचा वाटा मोठा असतो. पण "सध्या काय वाचता?" असे कोणी विचारले की वाचक दुसऱ्याच पुस्तकाचे नाव सांगतो!

परीक्षकही बहुधा तेच करतो. "वेळ बरा जातो," एवढ्यावर तो हे पुस्तक बाजूला ठेवतो. या कथांची पारख कशी करावी, आणि ती करणारा स्वतः याच वाटेचा लेखक असेल तर त्याने काय पथ्य पाळावे, हा आजचा विषय आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. भय आणि विस्मय ही साहित्यातली मागल्या दाराने शिरलेली पाहुणे मंडळी आहेत, असे पुष्कळांना वाटते. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात जे आठ रस सांगितले, त्यांत भयानक आणि अद्भुत यांना शृंगाराच्या आणि करुणाच्या पंक्तीलाच पाट मांडला आहे. भय हा भयानकाचा स्थायीभाव, विस्मय हा अद्भुताचा, आणि जुगुप्सा हा बीभत्साचा. ही विभागणी आजही परीक्षकाच्या कामाची आहे. भयानकाची उत्पत्ती बीभत्सापासून होते असे भरत सांगतो, पण दोन्ही एकच आहेत असे म्हणत नाही. रक्तामांसाचा चिखल दाखवून वाचकाला शिसारी आणणारा लेखक आपण त्याला भ्यायला लावले असे समजतो, तेव्हा तो बीभत्सापाशीच थांबलेला असतो. उलट, बंद खोलीत कोणी नसताना पाळण्याची कडी करकरली, एवढ्यानेही भय उभे राहते. म्हणून परीक्षकाने पहिला प्रश्न विचारावा तो हा, की कथेने कोणता रस योजला होता आणि वाचकाच्या पदरात कोणता पडला. विज्ञानकथा मुख्यतः अद्भुताच्या घरची. तिच्यात भय नाही म्हणून तिला कमी लेखणे म्हणजे पुरणपोळी तिखट नाही अशी तक्रार करणे होय.

दुसरी कसोटी सवलतीची. अशा प्रत्येक कथेला आपण एक अशक्य गोष्ट मान्य करून देतो. ही सवलत एकदाच द्यायची असते. त्यानंतर कथेने सावकाराच्या चोख हिशेबाने चालले पाहिजे.

जयंत नारळीकरांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा पाहा. १७६१ साली पानिपतावर विश्वासरावांना गोळी लागली, हा इतिहास आपल्याला पाठ आहे. कथेतल्या जगात ती गोळी चाटून जाते, आणि मराठे लढाई जिंकतात. लेखकाने मागितलेली सवलत एवढीच. पुढे सगळे कार्यकारणाने येते. विजयी मराठी सत्ता ईस्ट इंडिया कंपनीला आवर घालते, आणि आगगाडीने मुंबईला आलेल्या गंगाधरपंतांना तेथे अजून कंपनीचाच कारभार दिसतो. एका सभेत व्यासपीठावरची रिकामी खुर्ची त्यांना खटकते, सवयीने ते अध्यक्ष म्हणून तीवर जाऊन बसतात, आणि श्रोते खवळतात, कारण त्या जगातल्या लोकांनी सभेतून अध्यक्षांना कधीच हद्दपार केलेले असते! व्याख्यानमालेच्या श्रोत्यांना त्या लोकांचा हेवा वाटेल. पण हा विनोदही त्या बदललेल्या जगाचाच भाग आहे. गोळी एका बोटाने चुकली की पेशवाईपासून सभेच्या शिष्टाचारापर्यंत काय काय पालटेल, याचा तो हिशेब आहे.

भुताच्या कथेलाही हाच नियम लावावा. भूत भिंतीतून जाते हे मान्य करू. पण पहिल्या प्रकरणात भिंतीतून गेलेले भूत तिसऱ्यात कुलूप लागले म्हणून बाहेर अडकले, तर त्या लेखकाला जाब विचारला पाहिजे.

तिसरी कसोटी मातीची. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी मराठी भयकथेला मोठा वाचकवर्ग मिळवून दिला, हे कोणी नाकारणार नाही. त्यांची 'लुचाई' स्टीफन किंगच्या 'सालेम्स लॉट' या १९७५ च्या कादंबरीवर बेतलेली आहे, आणि 'शपथ'च्या मागे त्याचीच 'इट' ही १९८६ ची कादंबरी आहे. हे कळल्यावर एक पक्ष "उचलेगिरी!" म्हणून ओरडतो, आणि दुसरा पक्ष "असेना का, भीती तर वाटली ना?" म्हणून विषय संपवतो. परीक्षकाचे काम दोन्ही पक्षांच्या पलीकडे सुरू होते. मूळ कोठले हे त्याने स्पष्ट सांगावे, कारण ऋण लपवणे वाचकावरही अन्याय आहे आणि मूळ लेखकावरही. मग पाहावे की परदेशचे भूत येथे नांदले की नाही. तेथे पिशाच क्रूसाला भिते. ज्या घरात क्रूस कधी आला नाही तेथे त्याने कशाला भ्यावे? देवघरातल्या समईला, अंगाऱ्याला, आजीच्या रामरक्षेला? आणि त्या रामरक्षेवर म्हणणाऱ्याचा विश्वास उरला नसेल तर? येथे लेखकाला नव्याने विचार करावा लागतो, आणि तेवढा विचार त्याचा स्वतःचा असतो. भाषांतरकार, रूपांतरकार आणि स्वतंत्र लेखक यांना एकाच मापाने मोजू नये. तिघांचे श्रेय वेगळे आहे.

रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी आपल्या कथांना 'गूढकथा' हे नाव रूढ केले, तेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यांच्या पुष्कळ कथांत भूत नसतेच. असतो तो माणसाच्या मनातला एखादा कोनाडा. तेथे भुताची वाट पाहत बसणारा परीक्षक कथा संपल्यावरही वाटच पाहत राहतो.

आता लेखक-परीक्षकाकडे वळू. पाश्चात्त्यांत ही परंपरा जुनी आहे. लव्हक्राफ्टने १९२७ साली अलौकिक भयाच्या साहित्यावर दीर्घ निबंध लिहिला, किंगने १९८१ साली याच विषयावर सबंध ग्रंथ लिहिला. धंद्यातल्या माणसाला सांधा कोठे निखळला ते लवकर दिसते, हा फायदा. पण त्याची स्वतःची एक घडण असते, आणि तिच्याहून निराळे काही पुढे आले की ते त्याला चुकल्यासारखे दिसते, हा तोटा.

हा तोटा मी दुसऱ्याला भोगायला लावला आहे. पुष्कळ वर्षांपूर्वी एका तालुक्याच्या गावच्या शिक्षिकेचा पहिला कथासंग्रह एका नियतकालिकाने माझ्याकडे अभिप्रायासाठी पाठवला. सात कथांपैकी पाच मी वाचल्या, दोन चाळल्या, आणि "भय निर्माण होत नाही" असे लिहून मोकळा झालो. महिन्याभराने त्यांचे कार्ड आले. त्यात एकच ओळ होती, की आपण शेवटची कथा वाचलेली दिसत नाही. ती मग वाचली. उन्हाळ्यात आटलेल्या विहिरीत बायका दोराने उतरतात. एके संध्याकाळी कोरड्या तळाशी सोडलेली एक घागर भरून वर येते. पाणी कोठून आले हे कोणी विचारत नाही, कारण विचारले तर ते घरी नेता येणार नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्या आपापली घागर घेऊन येतात. कथा तेथे संपते.

आपल्या जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे उन्हाळ्यात बायका विहिरीत उतरतात, हे मी वर्तमानपत्रात वाचले होते. त्यात भयकथा आहे हे मला दिसले नव्हते, त्या बाईंना दिसले होते. मी दुरुस्तीचे पत्र पाठवले. ते छापून आले, पण अभिप्राय जेथे पोहोचला तेथे दुरुस्ती पोहोचतेच असे नाही. त्यांचा दुसरा संग्रह आलेला माझ्या पाहण्यात नाही.

तेव्हापासून मी तीन पथ्ये पाळतो. पुस्तक शेवटपर्यंत वाचल्याशिवाय लेखणी उचलायची नाही. लेखक स्नेही किंवा प्रतिस्पर्धी असेल तर ते आरंभी सांगायचे. आणि कथेचे रहस्य फोडायचे नाही. गंगाधरपंतांच्या प्रवासाचा उलगडा मी मघाशी सांगितला नाही, हे आपल्या ध्यानात आलेच असेल. विहिरीच्या कथेचा शेवट मात्र आज सांगितला, कारण तो न वाचण्याचा दोष माझ्या माथी आहे.

चौथे पथ्य नारळीकरांच्या एका गोष्टीवरून सुचते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' ही कथा पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने. ना. वि. ज. ही आद्याक्षरे उलट वाचली की ज. वि. ना. होतात. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञाच्या नावाचे वजन पारड्यात पडू नये, एवढाच हेतू. पहिले पारितोषिक त्या अनोळखी जगतापांना मिळाले! परीक्षकाने प्रत्येक पुस्तक जगतापांचे समजून वाचावे. नाव नंतर पाहावे.

याच नाशिकात डिसेंबर २०२१ मध्ये चौऱ्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, आणि त्याचे अध्यक्षपद नारळीकरांकडे, म्हणजे एका विज्ञानकथालेखकाकडे आले. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. मे २०२५ मध्ये ते आपल्यातून गेले. ज्याने कथेत अध्यक्षाच्या खुर्चीची थट्टा केली, त्याची खुर्ची आपल्या गावात मानाने मांडली गेली. या वाङ्मयाला पंक्तीत पाट मिळाला आहे. आता त्याला चांगले वाचक आणि नेकीचे परीक्षक हवेत. पुढच्या वेळी "काय वाचता?" असे कोणी विचारले, तर निदान पुस्तकाचे खरे नाव सांगा. पारख तेथून सुरू होते.