मेलेले जनावरही शिकवते

चिंचपाड्याकडील वाचकहो, फेब्रुवारी २००६ आठवतो ना? शेजारच्या नवापुरात कोंबड्या पटापट मरू लागल्या. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत गेले आणि देशातील पहिला बर्ड फ्लू उघडकीस आला. मेलेल्या पक्ष्यांनीच रोगाचे नाव सांगितले.

तुमचा मुलगा किंवा मुलगी बारावी विज्ञानानंतर ‘नीट’ देऊन पशुवैद्यक महाविद्यालयात गेली, तर हाच धडा गिरवील. परळचे महाविद्यालय १८८६ सालचे, नागपूरचे १९५८चे. शिक्षण साडेपाच वर्षांचे, त्यात शेवटचे वर्ष प्रत्यक्ष कामाचे. आधी हाडे-स्नायू ओळखायचे, पुढे शवविच्छेदन. रात्रभर सलाईन धरून बसावे आणि पहाटे गाईने मान टाकावी, त्या दिवशी घास उतरत नाही. तरी सकाळी तीच गाय उघडून पाहावी लागते. कोठीपोटात कधी प्लॅस्टिकचा गोळा सापडतो, कधी तारेचा तुकडा.

जंगलातल्या सहलीही असतात. तेथे कळते, की लाळ्या-खुरकूत गाईला होतो तसा गव्यालाही होतो. गावातली लस रानालाही राखते.

म्हणून जनावर दगावले, तर ओढून नाल्यात टाकू नका. पशुवैद्यकाला कळवा, शवविच्छेदन होऊ द्या. मात्र नाकातोंडातून काळे, न गोठणारे रक्त येत असेल, तर फाशी रोगाचा संशय घ्या. ते जनावर फाडू नका, कातडेही काढू नका. डॉक्टर सांगतील तसे खोल पुरा.

गेलेले परत येत नाही. पण दावणीची बाकीची वाचतात.