राष्ट्रपतींच्या मंजुरीचा वरणभात

व्यसनमुक्ती केंद्राला केंद्र सरकारचं अनुदान मंजूर झालं की दिल्लीहून एक पत्र येतं. संस्थांमधली माणसं त्याला नुसतं ‘सँक्शन’ म्हणतात. दोन-तीन पानांचं, रुक्ष, परिच्छेदांना आकडे घातलेलं. त्याची सुरुवात ठरलेली असते: अमुक संस्थेला अमुक वर्षासाठी अमुक रक्कम देण्यास राष्ट्रपतींची मंजुरी असल्याचं कळवण्याचा मला आदेश आहे. पुढे रकमेचा तपशील येतो. मानधन, घरभाडं, औषधं, जेवण, किरकोळ खर्च.

असं पत्र मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा या दोन ओळींपाशीच थांबलो. वर राष्ट्रपती आणि खाली जेवण. पंधरा खाटांच्या एका केंद्रात दुपारी जे वरणभाताचं पातेलं चढतं, त्याला देशाच्या राष्ट्रपतींची मंजुरी लागते?

लागते. आणि ती कशी मिळते हे पाहायला गेलं की राज्यघटनेची चार-पाच दारं एकामागून एक उघडत जातात.

पहिलं दार कलम ७७चं. भारत सरकारचा प्रत्येक निर्णय राष्ट्रपतींच्या नावानं निघतो, म्हणून पत्रात ते नाव आहे. दुसरं दार भारताच्या संचित निधीचं. सरकारचा कर, शुल्क, कर्ज असा बहुतेक सगळा पैसा कलम २६६प्रमाणे या एका तिजोरीत जमा होतो आणि संसदेनं विनियोजन कायदा केल्याशिवाय त्यातून रुपयाही निघत नाही. म्हणजे त्या वरणातली डाळ एका अर्थानं लोकसभेतून मंजूर होऊन आलेली असते.

तिसऱ्या दाराशी मात्र कोडं पडतं. सार्वजनिक आरोग्य हा विषय घटनेनं राज्यांच्या यादीत टाकला आहे. मद्य हाही राज्यांचाच विषय. मग दिल्लीचा पैसा पुण्यातल्या, नांदेडमधल्या केंद्रात कोणत्या वाटेनं येतो? त्याची वाट कलम २८२मध्ये आहे. आपल्याला कायदा करण्याचा अधिकार नसलेल्या विषयावरही, काम सार्वजनिक हिताचं असेल तर, केंद्राला किंवा राज्याला अनुदान देता येतं, असं ते सांगतं. जिथे हुकूम चालत नाही तिथे मदतीचा हात मात्र पुढे करता येतो! ‘अनुदान’ या कोरड्या शब्दामागे इतकी मोकळी कल्पना असेल असं मला वाटलं नव्हतं.

आणि हा हात पुढे का करायचा, याचं उत्तर कलम ४७मध्ये आहे. लोकांचं पोषण, राहणीमान आणि सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं प्राथमिक कर्तव्य, असं ते कलम आधी सांगतं. मादक पेयं आणि आरोग्याला घातक अंमली द्रव्यं यांचं औषधाव्यतिरिक्तचं सेवन थांबवण्याचा प्रयत्न करावा, हे त्याच कलमात त्यापुढे येतं. घटनाकारांनी नशेचा प्रश्न गुन्ह्याच्या शेजारी मांडला नाही, ताटातल्या अन्नाच्या शेजारी मांडला. मार्गदर्शक तत्त्व असल्यामुळे त्यासाठी कोर्टात दाद मागता येत नाही. पण अनुदानाचा प्रत्येक हप्ता म्हणजे त्या कलमाची थोडीथोडी होणारी अंमलबजावणी आहे.

ही अंमलबजावणी खऱ्या अर्थानं सुरू झाली ती १९८५-८६च्या सुमारास. ब्राऊन शुगर, म्हणजे आपल्याकडचं ‘गर्द’ नावाचं अशुद्ध हेरॉइन, तेव्हा शहरांमधून पसरलं होतं. १९८५च्या नोव्हेंबरात अंमली पदार्थांविषयीचा एनडीपीएस कायदा लागू झाला, कडक शिक्षांचा. त्याच सुमारास केंद्राच्या समाजकल्याण खात्यानं स्वयंसेवी संस्थांना व्यसनमुक्तीच्या कामासाठी अनुदान देण्याची योजना सुरू केली. एका हातात कायदा आणि दुसऱ्या हातात मदत, असं ते एकत्र आलं. पुढे त्या कडक कायद्याच्या पोटातही दोन मऊ जागा केल्या गेल्या. कलम ६४अ सांगतं की, थोड्या प्रमाणातल्या किंवा सेवनाच्या गुन्ह्यात सापडलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. कलम ७अ हे नशेच्या नियंत्रणासाठी एक राष्ट्रीय निधी उभारतं आणि तस्करांची जप्त झालेली मालमत्ता विकून येणारा पैसाही त्यात जमा होतो. ज्या गर्दनं एखाद्याचं घर बुडवलं, त्या गर्दवर बांधलेला बंगला विकून दुसऱ्या कोणाच्या उपचाराला पैसे मिळावेत, अशी सोय कायद्यात आहे.

याच काळात, १९८६ साली, पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. लेखक अनिल अवचटांनी गर्दवर लिहिलेले लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे अस्वस्थ झाले आणि त्यांनी मदत देऊ केली. मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. सुनंदा अवचटांनी ते काम उभं केलं. अनुदानाचा इतिहास समजून घ्यायला ही गोष्ट महत्त्वाची आहे. सरकारी रुपया सहसा पहिला नसतो. आधी कोणीतरी अस्वस्थ होतं, कोणीतरी पदरचे पैसे घालतं, एखादी पद्धत हळूहळू बसते. ती पद्धत गावोगाव न्यायची म्हटली की मग सरकारचा रुपया लागतो. त्याचं मोठेपण पहिलं असण्यात नाही. दरवर्षी पुन्हा येण्यात आहे.

त्या गर्दच्या दिवसांत मुक्तांगणसारख्या ठिकाणी जे उमगलं, त्याची खूण आज सरकारी नियमावलीत सापडते. अनुदानावर चालणाऱ्या केंद्राचा साचा त्या नियमावलीत ठरवून दिलेला आहे. अर्धवेळ डॉक्टर, समुपदेशक, नर्स, वॉर्डबॉय, योगशिक्षक, हिशेबनीस, स्वयंपाकी, चौकीदार. या यादीत एक पद आहे: पिअर एज्युकेटर. त्याची पात्रता वाचा. लिहिता-वाचता येणं, आणि पूर्वी स्वतः व्यसनात असून आता ठराविक काळ व्यसनमुक्त असणं.

मला सरकारी कागदात याहून थक्क करणारी ओळ माहीत नाही. नोकरीच्या प्रत्येक अर्जात माणूस आपली पडझड लपवतो. इथे ती पडझड आणि त्यानंतरचं उठणं, दोन्ही मिळून पात्रता ठरते. गल्लीत ज्याला ‘गर्दुल्ला’ म्हणून हाकललं, त्याच्या त्या वर्षांना भारताच्या संचित निधीतून मानधन मिळतं.

याला दया म्हणता येणार नाही, यामागे पक्कं शहाणपण आहे. नव्यानं दाखल झालेला माणूस पहिल्या रात्री डॉक्टरला खोटं सांगतो, बायकोला खोटं सांगतो, स्वतःलाही सांगतो. ‘दोनच पेग घेतो.’ ‘उद्यापासून बंद.’ ही वाक्यं ज्यानं स्वतः कित्येक वर्षं म्हटली आहेत, तो ती ऐकून चिडत नाही आणि फसतही नाही. ‘टर्की’, म्हणजे नशा थांबल्यावर शरीराला होणारा त्रास, काय असते हे त्याला पुस्तकातून शिकावं लागत नाही. ‘स्लिप’ झालेला, म्हणजे पुन्हा नशेकडे घसरलेला माणूस तोंड लपवून परत येतो तेव्हा दारात कोण उभं असायला हवं, हे त्याला माहीत असतं. ते माहीत असणं विकत मिळत नाही. ज्याच्याकडे ते आहे, त्याला तिथे टिकून राहता यावं एवढी सोय अनुदान करू शकतं आणि ती ते करतं.

आता ‘औषधं’ या ओळीत डोकावू. पंधरा खाटांच्या केंद्रातली ही ओळ वाचायला अगदी साधी आहे. पण तिच्यात काय मावतं ते पाहा.

रोज भरपूर दारू पिणाऱ्यानं ती अचानक थांबवली की मेंदू बिथरतो. दारू वर्षानुवर्षं मेंदूला दाबून ठेवते आणि मेंदू तो दाब पेलण्यासाठी स्वतःचा वेग वाढवून बसलेला असतो. दाब गेला की तो वाढलेला वेग मोकाट सुटतो. म्हणून पहिल्या दिवशी डॉक्टर सांगतात, ‘हात पुढे करा, बोटं पसरा.’ बोटं वाऱ्यातल्या पानांसारखी थरथरतात. घाम फुटतो, झोप उडते, फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी काहींना भिंतीवर किडे दिसतात, नसलेले आवाज ऐकू येतात आणि नीट लक्ष दिलं नाही तर जीवही जाऊ शकतो. झोपेच्या गटातल्या काही गोळ्या मोजून देत, रोज कमी करत हा मोकाट वेग हळूहळू उतरवला जातो.

त्याच वेळी एक साधं इंजेक्शन देतात, थायमिनचं. थायमिन म्हणजे बी-१ जीवनसत्त्व. दारूमुळे धड जेवण होत नाही, जे पोटात जातं त्यातलंही हे जीवनसत्त्व नीट शोषलं जात नाही. आणि मेंदूला साखर वापरायला तर ते लागतंच. ते नसेल तर मेंदूचे काही भाग असे जखमी होतात की माणूस शुद्धीवर येतो, पण नव्या आठवणी साठवण्याची त्याची क्षमता गेलेली असते. मुलगी भेटून गेली तर तासाभरानं तो विचारतो, ती कधी येणार? एका स्वस्त जीवनसत्त्वानं हे टळू शकतं. ‘औषधं’ या ओळीत असा एका बापाचा पुढचा सगळा काळ मावलेला असतो.

इंजेक्शनमधून गर्द किंवा इतर अफूजन्य नशा करणाऱ्यांसाठी सरकारी पैशातून आणखी एक उपाय चालतो. राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटनेच्या, म्हणजे नॅकोच्या, ओएसटी (नशेऐवजी पर्यायी औषध देणाऱ्या) केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिनची गोळी फुकट मिळते. सुया एकमेकांच्या वापरल्यानं एचआयव्ही पसरतो, म्हणून एड्सचं खातं व्यसनाच्या उपचाराला पैसे देतं. सकाळी माणसं रांगेत येतात. नर्स गोळीचा चुरा करून जिभेखाली ठेवायला देते, कारण गिळली तर यकृत तिचा बराचसा भाग रक्तात पोचण्याआधीच संपवून टाकतं. मग माणूस बाकावर गप्प बसतो. काही मिनिटांनी नर्स म्हणते, ‘जीभ वर करा.’ गोळी पूर्ण विरघळली की तो निघतो, कामावर.

ही गोळी मेंदूतल्या ज्या कुलपात हेरॉइनची किल्ली बसते, त्याच कुलपात जाऊन बसते, आणि इतकी घट्ट की हेरॉइनला जागा उरत नाही. पण ती किल्ली अर्धीच फिरते. टर्की येत नाही, आणि धुंदीही चढत जात नाही. रोज पहाटेपासून गर्दच्या पैशांसाठी वणवण करणाऱ्याला त्या अर्ध्या फिरलेल्या किल्लीमुळे पूर्ण दिवस परत मिळतो.

हे सगळं पोचतं किती जणांपर्यंत? २०१९ साली केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयानं एम्समधल्या राष्ट्रीय व्यसनोपचार केंद्राकडून करून घेतलेल्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष आले. त्यानुसार देशात सुमारे १६ कोटी माणसं दारू पीत होती. त्यांतल्या ५.७ कोटींहून अधिक जणांना दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज होती. आणि दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या दर ३८ जणांमधल्या एकालाच कोणत्याही स्वरूपाचा उपचार मिळाला होता. दाखल होऊन उपचार मिळालेला तर १८० जणांमध्ये एक. २०२०च्या १५ ऑगस्टला २७२ जिल्ह्यांत नशामुक्त भारत अभियान सुरू झालं, १४४४६ ही मदतवाहिनी चालते, कामाची व्याप्ती वाढते आहे. तरी तो १८०मधला एक मला दिसत राहतो, आणि त्याच्या मागे उभे असलेले एकशे एकोणऐंशीही.

म्हणूनच अनुदानाचा हप्ता रखडतो तेव्हा जीव तुटतो. केंद्रातली माणसं सांगतात, वर्ष संपत आलं तरी पैसे येत नाहीत. इन्स्पेक्शन झालेलं असतं, पोर्टलवर कागद चढवलेले असतात, मागच्या वर्षाची ‘यूसी’ही गेलेली असते. तोवर वाणी उधारीवर डाळ-तांदूळ देतो, स्वयंपाकीणबाई पगाराविना येत राहतात आणि पिअर एज्युकेटर घरी काहीतरी सांगून वेळ मारून नेतो. ज्याची लढाई एकेका दिवसाची आहे, त्याच्या पगाराला महिनोन्‌महिने वाट पाहायला लावणं हे त्या लढाईवरच घाव घालण्यासारखं आहे. दारूवरच्या शुल्कातून राज्यांच्या तिजोरीत मोठी रक्कम येते आणि ती वेळेवर येते. दिल्लीच्या तिजोरीतून निघणारा हा छोटा प्रवाहही तितक्याच वेळेवर निघायला हवा.

यूसी म्हणजे युटिलायझेशन सर्टिफिकेट, विनियोगाचा दाखला. त्याचा ठरलेला नमुना आहे, १२-ए क्रमांकाचा. ज्या कामासाठी पैसे दिले त्याच कामासाठी ते खर्च झाले याची मी खात्री करून घेतली आहे, अशा अर्थाचं वाक्य त्यात असतं. आधीची शिल्लक किती, मिळाले किती, खर्च किती, उरले किती, असे रकाने. न आलेली फिट, न पसरलेला एचआयव्ही, शाबूत राहिलेली आठवण यांच्यासाठी त्यात रकाना नाही. जे घडलं नाही त्याचं व्हाउचर कसं लावणार?

पण मानधनाच्या फायलीत शोधलं तर एक पुरावा मिळतो. महिनाअखेरीला पिअर एज्युकेटर पावतीवर सही करतो, रेव्हेन्यू स्टॅम्पवरून आडवी. काही वर्षांपूर्वी याच हाताला डॉक्टरांनी सांगितलं होतं, हात पुढे करा, बोटं पसरा. तेव्हा तो हात स्थिर धरता येत नव्हता. आता अक्षर सरळ उमटलेलं आहे. हिशेबनीस ती पावती टोचून फायलीला लावतो, आणि आतून हाक येते, पानं वाढली आहेत.